परदेशी दत्तक गेलेल्यांचे मेळावे आणि केसपेपरवरचा रिकामा रकाना

दवाखान्यात नवा रुग्ण आला की आम्ही डॉक्टर मंडळी काही ठराविक प्रश्न विचारतो. वय काय, गाव कोणते, पूर्वी मोठे आजारपण झाले होते का, आणि घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब, दमा, क्षय आहे का? आपल्या पेण-रोह्याकडचा रुग्ण शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहज देतो. ‘‘आईला साखर आहे, मोठे मामा हार्टने गेले, आजीला दम लागायचा.’’ अर्ध्या मिनिटात रकाना भरतो. या रकान्याचे मोल काय, याचा विचार तो भरणाराही करीत नाही आणि लिहिणाराही करीत नाही.

गेल्या डिसेंबरात माझ्या पेणच्या दवाखान्यात पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्ण, चेहरा, केस सारे आपल्याकडचे. सोबत गोरे यजमान. आमच्या सिस्टरबाई त्यांच्याशी मराठीत बोलू लागल्या. बाईंनी हात जोडून इंग्रजीत सांगितले की त्यांना मराठी येत नाही, त्या स्वीडनहून आल्या आहेत. प्रवासात पोट बिघडले होते. जलसंजीवनी आणि साधी औषधे दिली. केसपेपर लिहिताना सवयीने मी विचारले, ‘‘घरात कोणाला मधुमेह?’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हा प्रश्न मला जन्मभर विचारला गेला आहे. उत्तर एकच, माहीत नाही.’’

त्या १९७९ साली महाराष्ट्रात जन्मल्या आणि वर्षाच्या असताना स्वीडनमध्ये दत्तक गेल्या. दुसऱ्या दिवशी बऱ्या होऊन आल्या तेव्हा सवडीने बोलणे झाले. त्यातून जे समजले ते आपल्या वाचकांना सांगण्यासारखे वाटले, म्हणून आजचा लेख.

‘जि. कुलाबा’

बाईंजवळ जन्माविषयी एकच कागद होता. त्यावर आईचे नाव नव्हते, गावाचे नव्हते. फक्त ‘जि. कुलाबा’ असे लिहिलेले. यापूर्वी दोन वेळा त्या भारतात आल्या आणि दोन्ही वेळा मुंबईतल्या कुलाब्याच्या रस्त्यांवरून फिरल्या. ज्यांना कागद दाखवला त्यांनीही ‘म्हणजे इथलाच’ असे सांगितले.

नंतर त्या आपल्या देशातल्या एका मेळाव्याला गेल्या. भारतातून दत्तक गेलेली आणि आता प्रौढ झालेली माणसे तेथे जमली होती. जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासारख्याच एका गृहस्थांनी तो कागद पाहिला आणि सांगितले, ‘‘हा मुंबईचा कुलाबा नव्हे. हा जिल्हा होता. १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले.’’ त्या गृहस्थांनी स्वतःचे जुने कागद लावताना हे शोधून काढले होते.

म्हणून बाई अलिबाग, पेण, रोहा असा प्रवास करीत होत्या. ‘‘तुम्हाला आई शोधायची आहे का?’’ असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘एवढ्या कागदावर आई कशी सापडेल? मला फक्त जिल्हा पाहायचा होता. रस्त्यावर सगळ्यांत मिसळून चालायचे होते.’’

हे लोक कोण?

दत्तक ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव महाराज झाले. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. पण या दोघांनाही आपले मूळ घर ठाऊक होते. परदेशी दत्तक गेलेल्यांची स्थिती निराळी. देश बदलला, भाषा बदलली, नाव बदलले, आणि मागचे घर बहुधा अज्ञातच राहिले.

१९७० आणि ८० च्या दशकांत भारतातून स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशा अनेक देशांत मुले गेली. गरिबी, अविवाहित मातृत्वाची भीती, रुग्णालयात मागे राहिलेली तान्ही बाळे ही त्याची नेहमीची कारणे. परदेशी दांपत्ये येथील न्यायालयातून १८९० च्या कायद्याखाली मुलाचे पालकत्व घेत आणि आपल्या देशात जाऊन दत्तकविधान पुरे करीत. या व्यवहारात गैरप्रकार होतात अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाकडे केली. न्या. भगवती यांनी फेब्रुवारी १९८४ मध्ये दिलेल्या निकालाने परदेशी दत्तकासाठी नियम घालून दिले. पुढे १९९० मध्ये केंद्रीय यंत्रणा, म्हणजे ‘कारा’, स्थापन झाली.

यांतली काही नावे वाचकांच्या परिचयाची असतील. ऑस्ट्रेलियाची विख्यात क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ साली पुण्यात जन्मली आणि ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ संस्थेतून दत्तक गेली. एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी असा पराक्रम करणारी ती पहिली महिला. नेदरलँड्समधील हेमस्टेडे या गावाचे महापौर फाल्गुन बिन्नेनडाइक हे नागपुरात जन्मलेले. जन्मदात्या आईच्या शोधात ते नागपूरला आल्याचे आपण वृत्तपत्रांत वाचले.

मेळाव्यात काय होते?

मोठ्या वयाच्या दत्तकांनी असे एकत्र येण्याची वाट प्रामुख्याने कोरियातून गेलेल्या मुलांनी पाडली. १९५०-५३ च्या युद्धानंतर दक्षिण कोरियातून मुले पाठवणे सुरू झाले आणि पुढील दशकांत तो आकडा लाखांवर गेला. ही मुले मोठी झाली. स्वीडनमध्ये त्यांनी १९८६ साली आपली संघटना काढली. सप्टेंबर १९९९ मध्ये वॉशिंग्टन येथे सुमारे चारशे जणांचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला आणि २००४ साली तो खुद्द सेऊल येथे झाला. अन्य देशांतून गेलेल्यांनीही याच वाटेने छोटे-मोठे मेळावे सुरू केले.

आमच्या पाहुण्या बाईंनी वर्णन केलेला मेळावा शंभरेक माणसांचा, दोन दिवसांचा. दत्तक घेणारे आई-वडील आणि पत्रकार यांना पहिल्या दिवशी प्रवेश नाही. ओळख करून देताना ‘तू मूळची कुठली?’ हा प्रश्न कोणी विचारायचा नाही, सांगायचे तर आपण होऊन सांगावे. एका खोलीत जुने कागद कसे वाचावेत याची माहिती, दुसरीत डॉक्टरांचे व्याख्यान, तिसरीत नुसत्या गप्पा. संध्याकाळी भारतीय जेवण. ‘‘वरण-भात हाताने कसा खायचा हे आम्ही एकमेकांचे पाहून शिकत होतो आणि पोट धरून हसत होतो,’’ असे त्यांनी सांगितले.

मी विचारले, ‘‘त्या मेळाव्यातून तुम्हाला नेमके काय मिळाले?’’ त्यांचे उत्तर असे : ‘‘माझे आई-वडील फार प्रेमळ आहेत. पण वर्गात, बसमध्ये, लग्नकार्यात माझ्या रंगाची मी एकटीच असे. लोक म्हणत, तू किती नशीबवान! त्यामुळे दुःख झाले तरी ते बोलणे म्हणजे कृतघ्नपणा वाटे. त्या खोलीत पहिल्यांदाच मला काही समजावून सांगावे लागले नाही.’’

डॉक्टरच्या दृष्टीने

येथे कोणी म्हणेल, यात आरोग्याचा काय संबंध? संबंध आहे आणि तो चांगला घट्ट आहे.

स्वीडनमध्ये परदेशातून दत्तक आलेल्या अकरा हजारांहून अधिक तरुणांचा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आत्महत्या, आत्महत्येचा प्रयत्न आणि मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होणे, यांचे प्रमाण त्या देशातील इतर मुलांच्या तुलनेत या मुलांत तिप्पट ते चौपट आढळले. याचा अर्थ दत्तक मुले आजारी असतात असा कोणी काढू नये. बहुसंख्य मुलांत असा कोणताही त्रास आढळला नाही, हेही त्याच अभ्यासात दिसते. पण काहींच्या वाट्याला येणारा एकटेपणा खरा आहे आणि तो आई-वडिलांच्या प्रेमानेही पुरता भरून निघत नाही.

एकाच प्रकारच्या अनुभवातून गेलेली माणसे एकत्र आली की मनावरचा ताण उतरतो, हे आम्ही इतर आजारांतही पाहतो. मद्यमुक्तीचे गट, कर्करोगातून बरे झालेल्यांचे गट याच तत्त्वावर चालतात. मात्र मेळावा हा उपचाराला पर्याय नव्हे. झोप उडणे, जगण्यात रस न वाटणे, जीव देण्याचे विचार येणे अशी लक्षणे असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटलेच पाहिजे. आपल्या देशात टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

दुसरा लाभ शरीराच्या आरोग्याचा. बाईंच्या टेबलावर भारतातून गेलेली आठ माणसे होती. त्यांपैकी तिघांना मधुमेह होता आणि तिघेही शरीराने सडपातळ! ते ऐकून बाईंनी परत गेल्यावर रक्त तपासले. साखर वाढलेली निघाली. तोवर त्यांची साखर तपासावी असे कोणाला वाटले नव्हते, कारण त्या दिसायला बारीक आणि घराण्याचा इतिहास कोरा.

भारतीय वंशाच्या माणसाला मधुमेह कमी वयात आणि कमी वजनात होतो. वजन-उंचीच्या निर्देशांकात युरोपीय माणूस २५ च्या पुढे जादा वजनाचा धरतात, आपल्याकडे २३ च्या पुढेच सावध व्हावे लागते. दत्तक गेलेला माणूस वाढतो युरोपात, पण शरीराची ठेवण इथलीच घेऊन गेलेला असतो. अशा आणखी काही गोष्टी आहेत.

निळसर डाग : आपल्याकडच्या अनेक बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यावर जन्मतः निळसर डाग असतो आणि तो पुढे आपोआप जातो. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांना ती माराची खूण वाटू शकते.

पाळी लवकर येणे : भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्या मुलींना साडेअकरा वर्षांच्या सुमारासच पाळी आली होती. सुस्थितीतील भारतीय मुलींपेक्षाही हे वय कमी होते. आधी कुपोषण आणि मग एकदम भरपूर पोषण मिळाले की शरीर झपाट्याने वाढते. त्या घाईत वयात येणेही लवकर होते आणि उंची मात्र खुंटते. मुलीला आधी कल्पना दिलेली नसेल तर ती घाबरून जाते.

ड जीवनसत्त्व : सावळ्या त्वचेला ते तयार करायला अधिक ऊन लागते. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात ते मिळत नाही.

थॅलेसेमिया, सिकलसेल : हे दोष आई-वडिलांकडून येतात. वाहक व्यक्तीला बहुधा काहीच त्रास नसतो. घराण्याची माहिती नसेल तर मूल होऊ देण्यापूर्वी रक्ताची एक तपासणी करून घेणे शहाणपणाचे.

सारांश, रकाना रिकामा असेल तर तपासणी लवकर सुरू करावी. आपल्या सरकारी दवाखान्यांत तिशीनंतर मधुमेह-रक्तदाबाची तपासणी होतेच. दत्तक व्यक्तीने ती चुकवू नये.

कायदा काय सांगतो?

‘काराच्या’ नियमांनुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली दत्तक व्यक्ती आपल्या मुळाविषयी माहिती मागू शकते. तिला मदत करणे हे संस्थेचे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे काम आहे. जन्मदात्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर आधी तिची लेखी संमती घ्यावी लागते. तिने नकार दिला किंवा ती सापडली नाही, तर बाळ का व कोणत्या परिस्थितीत सोपवले एवढे तरी सांगावे लागते. परस्पर तिसऱ्या माणसाने शोध घेण्यास परवानगी नाही. म्हणजे मुलाचा जाणण्याचा हक्क आणि आईचा खासगीपणाचा हक्क, दोन्ही सांभाळले आहेत.

माझी चूक

आता एक गोष्ट स्वतःविषयी सांगतो. बाई निघून गेल्यावर काही दिवस ती माझ्या मनातून जाईना.

१९९८ साली मी नवा डॉक्टर होतो. आठवड्यातून दोन दिवस रोह्याला बसत असे. तेथील एका खेड्यातल्या कुटुंबातील अविवाहित मुलगी बाळंत झाली. बाळ सुदृढ होते. ते मुंबईच्या एका संस्थेकडे सोपवायचे ठरले. मुलीचे वडील माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, काही लिहू नका. आमचा धागा कुठे राहू देऊ नका.’’ संस्थेच्या अर्जावर ‘मातेच्या घराण्यातील आजार’ असा रकाना होता. मुलीच्या आईला मधुमेह होता, मीच तिला औषध देत होतो. मुलीचा मामा चाळिशी ओलांडण्याआधी हृदयविकाराने गेला होता. हे सारे मला ठाऊक होते. मी रकान्यात लिहिले, ‘काही नाही.’

त्या वेळी मला ते दयेचे काम वाटले. आज समजते की आजार आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आजीला मधुमेह, मामाला अल्पवयात हृदयविकार’ एवढ्या ओळीवरून कोणाचे घर उघडे पडत नाही. मुलीची अब्रू राखून बाळाला त्याचा वाटा देता आला असता. शिवाय मी रकाना कोरा सोडला असता तर निदान पुढचा डॉक्टर सावध राहिला असता. ‘काही नाही’ असे लिहून मी त्याला खोटा दिलासा दिला.

ते मूल आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असेल. ते या देशात आहे की परदेशात, मला माहीत नाही. कोणत्या तरी दवाखान्यात कोणी डॉक्टर त्याला विचारत असेल, ‘घरात कोणाला मधुमेह?’

आपण काय करावे?

परदेशी दत्तकाचे प्रमाण आता पुष्कळ कमी आहे. २०२४-२५ या वर्षात देशात झालेल्या ४,५१५ दत्तकविधानांपैकी ४,१५५ देशातल्या देशातच झाली. नेदरलँड्स आणि डेन्मार्कने तर बाहेरून मुले घेणे बंद करण्याची पावले उचलली आहेत. म्हणजे यापुढची दत्तक मुले बहुतांशी आपल्याच शेजारी, आपल्याच शाळांत वाढणार. म्हणून काही सूचना :

१) दत्तक पालकांनी मुलाला सत्य लहानपणापासून, गोष्ट सांगावी तसे सांगत जावे. ते शेजाऱ्याकडून किंवा भांडणात कळू देऊ नये. मिळालेला प्रत्येक वैद्यकीय कागद जपून ठेवावा.

२) दत्तक कुटुंबांनी एकमेकांच्या ओळखी ठेवाव्यात. मुलांना वर्षातून दोनदा तरी आपल्यासारखी दुसरी मुले भेटू द्यावीत. मेळावा म्हटले की सभागृहच हवे असे नाही, एखाद्या रविवारी अंगणातही चालते.

३) नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी ‘खरी आई कोण?’, ‘किती नशीब काढलेस!’ ही वाक्ये टाळावीत.

४) बाळ सोपवण्याची वेळ आलेल्या कुटुंबाने लपूनछपून व्यवहार करू नये. १०९८ या क्रमांकावर किंवा बाल कल्याण समितीकडे जावे. नाव गुप्त राहते आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. घराण्यातील आजार मात्र खरे सांगावेत.

५) माझ्या व्यवसायबंधूंना विनंती : तो रकाना खरा भरावा. आणि दत्तक व्यक्ती समोर आली तर ‘माहीत नाही’ या उत्तरावर थांबून न जाता तपासण्या सुचवाव्यात.

आणि कागदाचा तुकडा घेऊन एखादी परदेशी पाहुणी आपल्या गावात आली तर? गर्दी करू नये, फोटो काढू नयेत, ‘अमक्याची मुलगी दिसते’ असे तर्क करू नयेत. चहा द्यावा. शोध घ्यायचा असेल तर अलिबागच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे पाठवावे. आमच्या बाई रोह्याला धावीर महाराजांच्या देवळात जाऊन आल्या. तेथे एका आजीबाईंनी काही न विचारता त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. तेवढ्यानेही त्यांना फार बरे वाटले होते.

त्या परतल्यानंतर मी त्या मुंबईच्या संस्थेला पत्र लिहिले. बाळाची जन्मतारीख दिली आणि आजी व मामाच्या आजारांची माहिती लिहिली. नाव कोणाचेही घातले नाही. हे पत्र त्या बाळाच्या फाइलला जोडावे, अशी विनंती केली. पंधरा दिवसांनी संस्थेची पोच आली. पत्र फाइलला लावले आहे, असे त्यात लिहिले आहे.

सत्तावीस वर्षे उशीर झाला. पण ते मूल कधी त्या दारात जाऊन विचारेल, तर त्याला निदान रकाना भरलेला मिळेल.